वाडीतल्या मंडळाला आरोग्यासाठी थेट पंचवीस हजार द्यावेत का?

सड्यावरची
वाडीतलं महिला मंडळ असो, भजनी मंडळ असो की बचत गट, आरोग्याच्या कामासाठी वर्षाला वीस-पंचवीस हजार त्यांच्या हातात थेट द्यावेत असं माझं मत आहे. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला 10 हजारांपर्यंत अबंधित निधी (गरजेप्रमाणे खर्चता येणारा) आहे, 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून. पण तो अख्ख्या महसुली गावाला. आमच्याकडे कोकणात गाव म्हणजे दहा-बारा वाड्या, मध्ये व्हाळ (ओढे) आणि घाट्या. फिनेल, वजनकाटा आणि एक फ्लेक्स आला की पैसे संपले. इकडे घरोघरी म्हातारी माणसं एकटी, पोरं मुंबईला. बीपीची गोळी घेतली का, हे शेजारीणच विचारते. तिला बीपीचं मशीन द्या, सेल द्या, अडीनडीला रिक्षाचं भाडं द्या.

हिशेबनीस
ताई, शेजारणीने मोजलं आणि वरचा आकडा 190 आला, तर पुढे काय? आरोग्य केंद्रात डॉक्टर असायला नको? असल्या अनुदानांनी सरकार मोकळं होतं, "आम्ही लोकसहभाग वाढवला" म्हणायला. आशाताईंना आधीच कामाच्या हिशेबाने मोबदला, तोही कधी वेळेवर नाही. त्यात ही बिनपगारी आशा कशाला? 2016 पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाने, म्हणजे माकडांवरच्या गोचिडीतून माणसाला होणाऱ्या तापाने, माणसं गेली. त्याचा रक्तनमुना भजनी मंडळ तपासणार आहे का?

व्हाळाकाठ
नमुना नाही तपासणार. पण काजूच्या बागेत माकड मरून पडलंय, हे सगळ्यात आधी वाडीलाच कळतं.
लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाचं बघा. उंदरांच्या मुतातून जंतू मळ्यातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. म्हणून आमच्या भागात गमबूट वाटले. लावणीच्या चिखलात गमबूट घालून कधी चालून बघा! पाय वर येतो, बूट खाली राहतो, आत पाणी. सगळे बूट आता माळ्यावर. लेप्टो होऊ नये म्हणून देतात ती डॉक्सिसायक्लिनची आठवड्याची गोळीही तशीच. बायका पहाटे नुसत्या चहावर मळ्यात उतरतात. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, मग पुढच्या आठवड्यात गोळी पदराच्या गाठीतच राहते. आमच्या आवाठातल्या (वाडीच्या भागातल्या) बायकांचं म्हणणं एवढंच होतं की बांधावर नऊच्या न्याहारीबरोबर कुणीतरी गोळ्या द्याव्यात आणि संध्याकाळी पाय धुवायला साबण-पाणी नि भेगांना मलम असावं. हा खर्च कुठल्याच कार्यालयाच्या रकान्यात बसेना.

रापण
तुमी सांगतास ता बरोबर. पण पैसो इलो काय वाडीत दोन पार्ट्ये. गणपतीच्या वर्गणीवरसून आमची दोन भजनी मंडळां झाली, ती अजून एका मांडार बसनत नाय. आता बीपीचा मशीन कोणाच्या घरात ठेवचा, ह्येच्यावरसून तिसरा होतला.

चाकरमानी
देवळाच्या जीर्णोद्धाराला आपली मुंबईची मंडळं लाखांनी गोळा करतात, तेव्हा भांडणं आड येत नाहीत. सरकारकडे कशाला बघता? मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात, ते मागा.

हिशेबनीस
मागून तर बघा. कंपनीचा पैसा घ्यायला संस्था नोंदणीकृत हवी, वर आयकर खात्याचे करसवलतीचे दाखले आणि असा पैसा घेण्यासाठी नोंदणीचा सीएसआर-1 फॉर्म. वाडीच्या महिला मंडळाकडे असतं काय, तर एक रजिस्टर आणि स्टीलचा डबा. मग मध्ये शहरातली संस्था येते, आपला वाटा कापून घेते आणि बायकांना आयतं शिबिर देते.

सड्यावरची
अहो, मग तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय! मी म्हणते, दाखले मागू नका. ग्रामसभेत नाव ठरवा, पैसे दोन हप्त्यांत द्या, पहिल्याचा खर्च पटला तरच दुसरा. बिलाऐवजी देवळाजवळच्या फळ्यावर खर्च लिहा. ज्या वाडीत वर्गणीच्या चार आण्यांवरून गाऱ्हाणं घालतात, तिथे फळ्यासारखा ऑडिटर नाही.

हिशेबनीस
बाजू तीच नाही. आरोग्य केंद्राची पदं आधी भरा, मग फळा टांगा. उलटं केलंत की फळाच राहतो.

व्हाळाकाठ
पदं भरेपर्यंत लावणी थांबवू म्हणता?

रापण
फळ्याचा माका पटला. पण पावसात तो देवळाच्या भायर ठेवचो की भितर? भितर ठेवलास तर पयल्यांदा मानकऱ्यांका इचारा.