संथ सिनेमा (लांबलचक शॉट, कमी घडामोडी) मरणाबद्दल खरंच काही सांगतो का?

पानगळ:
मला तरी तो जास्त खरा वाटतो. इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीचा 'टेस्ट ऑफ चेरी' (१९९७) घ्या. जीव द्यायला निघालेला बदीई तेहरानबाहेरच्या टेकड्यांवर गाडी फिरवत आपल्याला पुरणारा एक माणूस शोधतोय. त्या माणसाने पहाटे बदीई पडलेला असेल त्या खड्ड्यापाशी यायचं, दोनदा हाक मारायची, ओ आली नाही तर २० फावडी माती लोटायची. बदीईला मरायचं का आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यामुळे त्याची कीव करता येत नाही, मनातल्या मनात समजूतही काढता येत नाही. नुसतं त्याच्या शेजारी बसून राहावं लागतं.

रोखठोक:
कारण न सांगणं ही पळवाट झाली. दिग्दर्शक गप्प बसतो आणि प्रेक्षक त्याच्या वतीने तत्त्वज्ञान रचतात! हंगेरीच्या बेला तारच्या 'द ट्युरिन हॉर्स'मध्ये (२०११) सुमारे अडीच तासांत जेमतेम ३० शॉट. बाप-लेक उकडलेला बटाटा खातात, दुसऱ्या दिवशी परत तेच. आयुष्य रटाळ आहे हे पटवायला मलाही रटाळ वाटायलाच हवं का?

त्यापेक्षा जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'इकिरू' (१९५२) बघा. पोटाचा कर्करोग झालेला वातानाबे हा सरकारी बाबू मुलांसाठी बाग उभी करून जातो. सिनेमा बराच उरलेला असतो. तो गेल्यावर त्याच्या फोटोसमोर बसून सहकारी श्रेयावरून वाद घालतात, दारू चढल्यावर शपथा घेतात की आता आपणही असंच काम करायचं. पुढे कचेरीत तक्रार येते, ती नेहमीसारखी दुसऱ्या खात्याकडे टोलवली जाते. एकच जण ताडकन उठतो आणि निमूट खाली बसतो. माणूस असाच असतो! हे दाखवायला संथपणा लागला नाही.

पानगळ:
फोटोसमोरची ती बैठक केवढी लांबते, आठवा जरा. आणि बटाटा 'परत तेच' नाही. पहिल्यांदा कॅमेरा बापावर असतो, नंतर मुलीवर. शेवटी तर दिवाही पेटत नाही, बटाटा कच्चाच, तरी बाप म्हणतो खाल्लं पाहिजे. आधीची जेवणं पाहिलेली नसतील तर त्या कच्च्या बटाट्याला काय अर्थ?

मधली सुट्टी:
तुमचं चालू द्या, पण बदीईचं एक राहिलंच. म्युझियममध्ये काम करणारा एक म्हातारा माती लोटायला कबूल झाल्यावर बदीई धावत परत जातो. सांगतो, येताना दोन खडे आणा, मला मारून बघा, कदाचित नुसता झोपलेला असेन. म्हातारा म्हणतो, दोन कशाला, तीन मारतो. मरायला निघालेल्याची ही खबरदारी! कर्जबिर्ज असलं काही कारण आधी सांगितलं असतं, तर आपण इथे फक्त त्याचाच हिशोब केला असता.

रोखठोक:
दृश्य फर्मास आहे, पण त्यात बोलणं आहे, धावपळ आहे. म्हणजे माझाच मुद्दा. आणि बदीईचं काय झालं हे सांगायची वेळ आली की थेट याच सिनेमाच्या शूटिंगची व्हिडिओफीत! तिथे किआरोस्तामी लपला.

पानगळ:
लपला? तिथेच तर तो स्वतः पडद्यावर येतो, बदीई झालेला नट त्याला सिगरेट देतो. तुम्हाला निकाल हवा होता, तो मिळाला नाही, एवढीच तक्रार दिसते.