मदत हवी आहे: सिनेमात नसलेली, गेममध्येच जन्मलेली पात्रं (स्टार वॉर्स). ताईसाठी पुढचा गेम कोणता?

वरणफळ

मंडळी, नमस्कार.

एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता तुमच्याशिवाय मार्ग दिसत नाही.

माझ्या ताईने स्टार वॉर्सचे सिनेमे कोळून प्यायलेत, पण गेम म्हटलं की "ते ढिशुम ढिशुम तुझं तू बघ". दिवाळीत ती आमच्याकडे होती आणि मी 'जेडाय: फॉलन ऑर्डर' (२०१९) पुन्हा पहिल्यापासून लावला होता. तिने पहिल्यांदा मान वर केली ती ब्राका ग्रहावर. तिथे काल केस्टिस नावाचा पोरगा आपण जेडाय (फोर्स ही गूढ शक्ती वापरणारा योद्धा) आहोत ही ओळख लपवून जुनी अवकाशयानं तोडायच्या कामावर असतो. धो धो पाऊस, गंजके पत्रे, मान मोडेल एवढे उंच सांगाडे. ताईचं सासर शिवडीचं, दारूखान्यात बोटी तोडतात ते तिने पाहिलंय. "अरे, हे तर आमच्याकडचंच काम!" म्हणाली आणि बसलीच.

आता तिला वेड लागलंय ते नव्या पात्रांचं. काश्यीक ग्रहावर सिनेमातला बंडखोर सॉ गरेरा येतो, आवाजसुद्धा सिनेमातल्याच फॉरेस्ट व्हिटेकरचा, मी खुश. ताई म्हणाली, "याचं पुढे काय होतं ते २०१६ च्या 'रोग वन' सिनेमात पाहिलंय की. याची कसली काळजी करायची?" काळजी तिला ग्रीझची. चार हातांचा बुटका वैमानिक, जुगारापायी कर्जात बुडालेला, आणि यानातल्या बैठकीच्या कापडाला जिवापाड जपणारा. तसंच मेरिनचं. डॅथोमिरवर तिची अख्खी जमात कापली गेलीय. मेलेल्या बहिणींना उठवून ती आधी कालच्या अंगावर सोडते आणि पुढे त्याच्याच यानात येऊन बसते. ताईचं म्हणणं, या लोकांना सिनेमात परत जायचं नाहीये, म्हणून यांचं काहीही होऊ शकतं. मला हे पटलं.

(रहस्यभेद आहे, खेळला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडा.) झेफो ग्रहावरच्या थडग्यात सेकंड सिस्टरशी, म्हणजे कालच्या मागावर असलेल्या साम्राज्याच्या शिकारी बाईशी, मारामारी चालू असते. बीडी-वन, म्हणजे कालच्या पाठीवर बसणारा तो चिमुकला रोबो, मध्ये विजेची भिंत उभी करतो. ती पलीकडे अडकते, शांतपणे शिरस्त्राण काढते आणि सांगते की मी ट्रिला, तुझ्या सीरचीच (कालला सोबत घेऊन फिरणारी माजी जेडाय) शिष्या. ताईने मला गेम थांबवायला लावला आणि सीरला यथेच्छ शिव्या घातल्या. पुढे मत बदललं, पण ते असो.

आता ती घरी परतली आहे आणि स्वतः खेळायचं म्हणते. तिच्याकडे एक आयपॅड आणि मुलाचा जुना लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड नसलेला. बोटं भराभर चालत नाहीत. सबटायटल्स आवडीने वाचते. गोष्ट आणि माणसं चांगली हवीत, नेम धरून गोळ्या मारणं नको. काय देऊ?

कडकलक्ष्मी

फॉलन ऑर्डरच द्या की तिच्या हातात! त्यात स्टोरी मोड आहे, मार फारसा लागत नाही. मध्येच अवघड-सोपं बदलताही येतं.

वरणफळ

प्लेस्टेशन माझ्याकडे आहे हो, ताईकडे नाही. आणि त्यात उड्या फार. दोरी धरून लोंबकळायला गेली की दरीतच जाईल.

रात्रपाळी

तुमच्या ताईंसाठी एकच नाव: 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक', आपल्यातले लोक 'कोटोर' म्हणतात. बायोवेअरचा गेम, २००३ चा. २०१३ पासून आयपॅडवर आहे, तेव्हा लॅपटॉपचा प्रश्न मिटला. काळ सिनेमांच्या सुमारे ४००० वर्षं आधीचा, म्हणजे "याचं पुढे काय होतं ते माहितीय" असं म्हणायची सोयच नाही.

लढाई हवी तेव्हा थांबवता येते. थांबवा, कुणी काय करायचं ते सांगा, परत चालू करा. हिशेब आतल्या आत फाशांवर होतो, बोटांच्या वेगाला किंमत नाही.

आता माणसं. मिशन व्हाओ, १४ वर्षांची निळी पोरगी, टारिस ग्रहाच्या खालच्या वस्तीत वाढलेली, तोंडाने फटकळ. तिचा सोबती झालबार नावाचा वूकी, म्हणजे उंच केसाळ प्राणी. गुलामांचे व्यापारी त्याला गटारात धरून नेतात, तेव्हा पोरीचा सगळा तोरा उतरतो. मग जोली बिंडो, काश्यीकच्या जंगलाच्या तळाशी एकटा राहणारा म्हातारा. काही विचारलं की भलतीच गोष्ट सुरू करतो आणि शेवटी तात्पर्य काय म्हणून विचारलंत तर चिडतो. चांगल्या-वाईटाच्या दोन्ही टोकांना त्याने रामराम ठोकलाय.

आणि एचके-४७. टॅटूईन ग्रहावर रोबोच्या दुकानात विकत मिळतो. गोड बोलून भाव पाडता येतो, पाडाच. प्रत्येक वाक्याआधी जाहीर करतो की आता काय येतंय: "विधान:", "प्रश्न:", "निरीक्षण:". माणसांना मांसाच्या पिशव्या म्हणतो आणि मालकाशी अत्यंत अदबीने बोलतो. काम मारेकऱ्याचं, पण वाळवंटातल्या टस्कन टोळीशी बोलायचं तर दुभाषा म्हणून हाच लागतो. शांतपणे वाटाघाटी करणं त्याला किती जड जातं ते ऐकण्यासारखं आहे.

एक अट. ताईंना यातल्या कुठल्याही पात्राचं नाव गूगलवर टाकू देऊ नका. वीस वर्षांहून जुना गेम आहे, पहिल्याच ओळीत सगळा खेळखंडोबा होईल.

रिकामटेकडा

सिनेमावरचे गेम म्हणताय तर 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' राहिला. डिसेंबर २०२४ चा. गोष्ट १९३७ मधली. जीना लोम्बार्डी ही इटालियन पत्रकार बहिणीच्या शोधात निघालेली असते, आणि नायकाच्या मागे शोभेला फिरत नाही. लोकस नावाचा अवाढव्य माणूस टोनी टॉडने केलाय. गेम यायच्या महिनाभर आधी तो गेला. पण ग्राफिक्स कार्ड तगडं लागतं.

वरणफळ

मग लॅपटॉपवर विषयच संपला. पण जीनाचं ताईला सांगतो, दिवाळीत माझ्याकडे बघेल.

मंगळवारकर

एलियन: आयसोलेशन? भयपटासारखा गेम आहे. नायिका अमांडा रिप्ली, सिनेमातल्या रिप्लीची मुलगी. मोबाइलवर पण आहे.

कडकलक्ष्मी

अहो, त्यांना ताई परत हवी आहे. आणि अमांडा पूर्ण नवीन कुठे, १९८६ च्या 'एलियन्स' सिनेमाच्या लांब आवृत्तीत तिचा उल्लेख आहे.

जुनीवही

कोटोरला अनुमोदन, पण खरा नग दुसऱ्या भागात आहे. 'द सिथ लॉर्ड्स', २००४, ऑब्सिडियनने केलेला. क्रेया. म्हातारी, डोळे बुरख्याआड, स्वतःला तुमची गुरू म्हणवते आणि तुमचं काहीही तिला पसंत नसतं.

नार शाडा चंद्रावर एक भिकारी पाच क्रेडिट (तिथले पैसे) मागतो. मी दिले. क्रेया म्हणाली, तू त्याचा झगडण्याचा हक्क काढून घेतलास, आणि दाखवलं की पैसे मिळालेले पाहून दुसऱ्या कुणीतरी त्यालाच मारून लुटलं. जुनी फाइल उघडून हाकलून दिलं. तर तो चिडून दुसऱ्या एका दुबळ्याला मारायला गेला, आणि ही बाई परत तेच: बघितलंस, तुझ्या एका शब्दाने काय झालं? सिनेमात फोर्सबद्दल जे काही ऐकलं असेल त्यावर ही बाई एकेक करून शंका काढत जाते. सिनेमातला खलनायक वेडर वगैरे ठीक आहे, पण भीती मला हिची वाटते, आणि तरी प्रत्येक वेळी यानात परतलो की आधी हिच्याच खोलीत जातो.

शेवट घाईघाईत उरकलाय हे मान्य. पीसीवर चाहत्यांनी गाळलेला बराच भाग परत जोडलाय. तरी आधी पहिलाच खेळा, दुसऱ्याची मजा त्यावर उभी आहे.

रात्रपाळी

क्रेया भारीच आहे, पण तिच्यापासून सुरुवात केली तर ताई गेम सोडून कीर्तनाला जातील.

वरणफळ

ठरलं, कोटोर. या रविवारी जाऊन आयपॅडवर टाकून देतो. सुरुवातीला तिने पात्राचा कुठला प्रकार निवडावा? सोल्जर, स्काउट, स्काउंड्रल असं काहीतरी दिसतंय.

रात्रपाळी

सोल्जर. मार खाण्याची ताकद सर्वांत जास्त, चुका खपून जातात. अवघडपणा 'ईझी'वर ठेवा. सेटिंगमध्ये ऑटो-पॉज (लढाई आपोआप थांबवणं) आहे, तिथे 'शत्रू दिसला की थांब' आणि 'फेरी संपली की थांब' या दोन्हीवर खूण करा. टारिस जरा रेंगाळतो, तिथे कंटाळून सोडतात बरेच जण. तेवढा एक ग्रह नेट धरायला सांगा. आणि सेव्ह करताना दर वेळी नवी फाइल, जुनीवर लिहू नका.

जुनीवही

आणि भाव पाडायचा असेल तर पर्सुएडमध्ये (मन वळवायचं कौशल्य) गुण टाकायला सांगा. सोल्जरला ते महाग पडतं, तरी टाका. एचके-४७ च्या वेळी आठवण काढाल.