मदत हवी आहे: बाबांचं बीपी सांभाळायचंय, पण रोजची कटकट नको

बाबांना बीपीचं निदान झाल्याला काही महिने झाले. गोळी ते न चुकता घेतात. ती कमी-जास्त करायची की नाही हे डॉक्टरच बघतील, त्यामुळे तो विषय इथे नको. मीठ कमी करा, रोज चाला, वजन थोडं उतरवा, हेही डॉक्टरांनी सांगितलंय आणि गाडी तिथेच अडलीय.

सगळ्यात जास्त वाद होतात ते मशीनवरून. बाबा बाहेरून येतात, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात आणि फोनवर बोलता बोलता बटण दाबतात. आकडा १५८ आला की चेहरा उतरतो, मग लगेच पुन्हा मोजतात, पुन्हा मोजतात. दवाखान्यातल्या सिस्टरने पद्धत नीट दाखवली होती: मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर सरळ, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. एकट्यादुकट्या आकड्यापेक्षा आठवडाभराची सरासरी महत्त्वाची, हेही तिने बजावलं होतं. मी ते आठवण करून दिलं की बाबा म्हणतात, "तू माझ्यावर पहारा ठेवू नकोस." वही तर आता ते लपवूनच ठेवतात.

मिठाचं त्या मानाने बरं चाललंय. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांचं मीठही आलं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मिठाचा अंदाज येतो. आईने सगळ्यांच्याच जेवणातलं मीठ हळूहळू उतरवलं, बाबांसाठी वेगळं काही शिजवत नाही. हे मला फार पटलं. पण बाबा वरून मीठ घेतातच. एका नातेवाइकांनी कमी सोडियमचं मीठ आणून दिलं, ते मी बाजूला ठेवलंय. त्यात पोटॅशियम असतं आणि बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर धोका आणखी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरणार नाही.

चालायला सोबत असली की बाबा खुशीत जातात, एकटे मात्र जात नाहीत. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं व्हायला हवं आणि माझ्या कामाच्या वेळा बदलत्या आहेत.

बाबा तापट नाहीत. घाबरले आहेत, असं मला वाटतं, आणि ते बोलून दाखवत नाहीत. म्हणूनच धाक दाखवून काही करायचं नाहीये.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर कृपया सांगा: नोंदी कोण ठेवतं, आणि ते त्यांनी स्वतःहून करावं म्हणून काय केलंत? मोजायची वेळ ठरवून दिल्याने वारंवार मोजणं थांबलं का? वरून मीठ घ्यायची सवय कशी सुटली? आणि डॉक्टरांशी हे बोलायचं तर बाबांच्या समोर बोलावं की आधी एकटीने भेटावं? पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, त्याआधी उत्तरं मिळाली तर फार बरं होईल. गोळी सोडवण्याचे उपाय मात्र सुचवू नका.