मदत हवी आहे: नेटवर्क बॅकअपवरून लिनक्स परत आणलं, पण बूट होत नाही

मंडळी, डिस्क गेली म्हणून नवी बसवली. लाइव्ह यूएसबीवरून एनएफएस शेअर (बॅकअप ठेवलेलं नेटवर्कवरचं फोल्डर) माउंट करून आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने सगळं परत ओढलं, तिथे काही अडलं नाही. एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) नवे यूयूआयडी (पार्टिशनचे ओळख-क्रमांक) घातले, चरूट करून (लाइव्ह यूएसबीवरून परत आणलेल्या सिस्टीमच्या आत शिरून) ग्रब हा बूटलोडर बसवला, त्याची कॉन्फिग नव्याने बनवणारं अपडेट-ग्रबही चालवलं. तरी गाडी इनिटरॅमएफएसच्या (मुख्य सिस्टीमआधी चालणारी छोटी तात्पुरती सिस्टीम) प्रॉम्प्टवरच अडते. ब्लकआयडीत (पार्टिशन आणि त्यांचे यूयूआयडी दाखवणारी कमांड) नवी डिस्क नीट दिसते, म्हणजे ड्रायव्हरचा घोळ नसावा. ग्रब मेनूत 'ई' दाबून पाहिलं, तर लिनक्सच्या ओळीत रूटपुढे (मुख्य पार्टिशन कुठलं ते सांगतात तिथे) जुनाच यूयूआयडी! हा नक्की कुठून येतोय? ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फायली असतात ते) जुनी कॉन्फिग फाइल उरली असेल का?

शिवाय होममधल्या फायलींचा मालक 'नोबडी' (कुणाचाच नसलेला युजर) दाखवतोय. हा रूट स्क्वॅशचाच (रूट म्हणजे अ‍ॅडमिन युजरला 'नोबडी' मानणारी एनएफएसची सेटिंग) प्रताप वाटतो. बॅकअप घेतानाच मालकी गेली असेल, तर चाऊन (मालक बदलणारी कमांड) मारण्यावाचून दुसरा मार्ग आहे का?