मागचा स्वे बार: शेवटचं आवळणं गाडी चाकांवर असतानाच

पिकअपला मागे नवा स्वे बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून लावलेला स्टीलचा दांडा) बसवल्यावर खड्ड्यातून जाताना मागून टकटक येतेय असं तुम्ही म्हणताय. शेवटचे बोल्ट आवळले तेव्हा गाडी जॅकवर आणि अ‍ॅक्सल (मागच्या चाकांचा आस) लोंबकळत होता का? मी पहिल्यांदा तसंच केलं होतं. गाडी खाली घेतली आणि एका बाजूच्या लिंकचं, म्हणजे बारचं टोक गाडीशी जोडणाऱ्या छोट्या दांडीचं, रबर पिळलेलं स्पष्ट दिसलं. जॅकवर असताना सगळं नुसतं हाताने घट्ट करा, गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी करा आणि मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंत आवळायचा पाना) कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. बुश (बारला धरून ठेवणाऱ्या गाद्या) रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे असतील तर आतून सिलिकॉन ग्रीस लावाच, नाहीतर कुरकुर सुरू होते. काहीशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा तपासा. यू-बोल्टखाली (बारला अ‍ॅक्सलशी आवळणारा U आकाराचा बोल्ट) ब्रेकची नळी चेपत नाही ना, तेही बघा.

या चर्चेत कुणी बारबद्दल "जितका जाड तितका चांगला" म्हटलंय, ते मला पटत नाही. भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. 19 मिमीऐवजी 22 मिमीचा टाकला तर तो सुमारे 80 टक्के जास्त ताठ होतो. पिकअप रिकामी असताना मागे वजनच नसतं. अशा वेळी ओल्या वळणावर मागची बाजू अचानक घसरू शकते. कायम ओझं वाहत नसाल, तर बारला लिंक जोडायला दोन भोकं असल्यास टोकाकडचं निवडा, त्यावर तो मऊ चालतो.