मदत हवी आहे : आयरिश मैफलीत तबला न्यावा का?

सर्वांना नमस्कार. आम्ही आयर्लंडमधील क्लेअर परगण्यात राहतो. १९५१ साली स्थापन झालेल्या 'कोल्तस' या संस्थेच्या शाखा येथे गावोगावी पारंपरिक संगीताच्या मैफली भरवतात. अशाच एका मैफलीत फिडल, फ्लूट आणि कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवले जाणारे इलिन पाइप्स ऐकताना, जिग ही नाचाची धून सुरू होताच माझ्या वडिलांची बोटे नकळत मांडीवर दादरा वाजवू लागली, कारण सहा मात्रांचे तीन-तीनचे विभाग अगदी जुळत होते. ते पाहून शेजारी बोरान हे डफासारखे आयरिश तालवाद्य वाजवणाऱ्या आजोबांनी पुढच्या वेळी तबला घेऊन येण्याचा आग्रह केला. निमंत्रण मनापासूनचे होते. तरीही एका वेळी एकच बोरान वाजावा असा संकेत अनेक ठिकाणी पाळला जात असल्यामुळे मला संकोच वाटतो.

येथे तबला वाजवलेल्या कुणी कृपया सांगावे की, आधी कुणाची परवानगी घ्यावी, आणि रील या वेगवान नृत्यधुनेला केरवा धरताना ठेका किती मोकळा ठेवावा? शिवाय येथील दमट हवेत तबल्याच्या पुडीचा (कातड्याचा) सूर उतरतो, त्यावर काय उपाय करता? वडील दिवाळीला पुण्याला परतणार आहेत, त्यापूर्वी त्यांना एकदा तरी वाजवता यावे, अशी फार इच्छा आहे.