ॲनिमोनचा रंग निळ्या दिव्याखाली पारखायचा का?

खारेपाणी (डोंबिवली)
माझं मत आधीच सांगून टाकतो. ॲनिमोन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, घेताना दुकानदाराला पांढरा दिवा लावायला सांगावं. तो नाही म्हणाला तर रिकाम्या हाताने परत यावं.

गेल्या वर्षी मी रोझ बबल टिप नावाचा एक ॲनिमोन आणला. दुकानातल्या निळ्या एलईडीखाली निखाऱ्यासारखा पेटलेला दिसत होता. घरी पांढऱ्या उजेडात ठेवला आणि पोटात गोळा आला. शुंडके, म्हणजे तोंडाभोवतीची बोटांसारखी टोकं, जवळजवळ पारदर्शक, देठ कागदासारखा पांढरा. त्याच्या पेशींत राहणारं तपकिरी सूक्ष्म शेवाळ, म्हणजे झूझँथेली, निघून गेलं होतं. त्याचं बरंचसं अन्न तेच शेवाळ बनवतं. सात आठवडे कोळंबीचे बारीक तुकडे भरवले, तरी वाचला नाही. निळा उजेड नसता तर मी तो घेतलाच नसता.

निळाई (पुणे)
दादा, वाईट वाटलं वाचून. पण निष्कर्ष पटत नाही. पांढऱ्या उजेडात दिसतो तोच खरा रंग, हे कोणी ठरवलं? पाणी तांबडा प्रकाश आधी गिळतं. पंधरा-वीस मीटर खाली गेलात की भोवताल निळाच असतो, आणि बबल टिप तिथेही राहतो. म्हणजे निळाई हा त्याच्या घरचा उजेड आहे. मी अकरा वर्षं खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळते आणि माझे दिवे मुख्यतः निळेच असतात.

घेताना मी तोंड घट्ट मिटलंय का, पायाची पकड आहे का, शुंडके चिकटतात का ते बघते. रंगाचा नंबर त्यानंतर.

खारेपाणी
ताई, चिकटपणा दुकानात तपासू देतात कुठे? हात घालू देत नाहीत, आणि तेही बरोबरच आहे. गिऱ्हाइकाकडे डोळ्यांशिवाय काय असतं? ते डोळेच निळा दिवा बांधून टाकतो.

वर्गातल्या_बाई
मी प्राणिशास्त्र शिकवते. तुम्ही दोघं रंग हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरताय.

तपकिरी, सोनेरी छटा शेवाळाची. हिरवा, नारिंगी, गुलाबी हा प्राण्याच्या स्वतःच्या प्रथिनांचा. ही प्रथिनं निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा तांबडा बाहेर टाकतात. जेलीफिशमधल्या अशाच हिरव्या प्रथिनासाठी 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. आणि टॅगआरएफपी नावाचं तांबडं प्रथिन, जे आज प्रयोगशाळांत पेशींना खूण करायला वापरतात, ते मुळात या बबल टिपच्या जातीतूनच आलंय! एन्टॅकमिया क्वाड्रिकलर. वर्गात हे सांगितलं की मुलं पुढे सरकून बसतात.

आता मुद्दा. शेवाळ गेलं तरी ही प्रथिनं काही काळ टिकतात. म्हणून उपाशी ॲनिमोनही निळ्या दिव्याखाली छान चमकतो. चमक खरीच आहे, पण ती तब्येतीबद्दल काही सांगत नाही. त्यामुळे मी खारेपाणींच्या बाजूने.

दोनटँक (ठाणे)
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझा बबल टिप दोन वर्षांपूर्वी आपणहून दुभंगला. एक तुकडा हॉलमधल्या टँकमध्ये राहिला, दुसरा आतल्या खोलीत नेला. दोन्ही एकाच जिवाचे, जनुकं तीच. आठ महिन्यांनी शेजारी ठेवले असते तर कोणी भाऊ म्हणाला नसता. आतल्या खोलीत उजेड कमी, पारची, म्हणजे शेवाळाला वापरता येणाऱ्या उजेडाची, मोजणी 80 च्या आसपास, आणि नायट्रेट, म्हणजे पाण्यात घाणीतून साचणारा क्षार, 30. तो चॉकलेटी झाला. हॉलमध्ये पार 200, नायट्रेट 5. तो गुलाबी, टोकांना हिरवी झाक.

उजेड कमी आणि नायट्रेट जास्त, की शेवाळ दाटतं आणि खालचा रंग झाकतं. मात्र हिरव्याचा गुलाबी कधीच होत नाही, ते जनुकांचं काम. म्हणून मी म्हणतो, दुकानातल्या रंगावरून भांडण नको. चांगला उजेड आणि स्वच्छ पाणी द्या, रंग घरी येतो.

निळाई
इथे मात्र मी थांबवते तुम्हाला. रंग उजळला म्हणजे तब्येत सुधारली, हे धरून चालताय. शेवाळ कमी झालं तरी रंग उजळतोच, आणि ब्लीचिंगची, म्हणजे शेवाळ गमावून पांढरं पडण्याची, पहिली पायरीही तीच. तुमचा तुकडा ठणठणीत असेल, पण हे वाचून कोणी एकदम दिवे शंभर टक्के केले तर? मी केले होते. त्यात मे महिना, चिलर बंद पडलेला, पाणी 31 अंशांवर. पहिले चार दिवस रंग इतका सुंदर होता की मी फोटो काढत बसले. दहाव्या दिवशी देठ पांढरा.

समुद्रातही हेच होतं. 2016 च्या उष्ण पाण्यात फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिया बेटाजवळ ॲनिमोन पांढरे पडले, आणि त्यांत राहणाऱ्या क्लाउनफिशनी अंडी फार कमी घातली. पांढरेपणाची झळ भाडेकरूलाही बसते.

दोनटँक
मान्य. मी उजेड वाढवायला पाच आठवडे घेतले, तेवढं लिहायला हवं होतं. पण चॉकलेटी तुकडा मागे सरकत दिव्याकडे चालत आला होता हेही खरं. ॲनिमोन स्वतः जागा बदलून सांगतो की उजेड पुरत नाहीये. त्याचं ऐकायचं नाही का?

निळाई
ऐकायचं. पण तो प्रवाह नको म्हणूनही चालतो, भूक लागली म्हणूनही. आधी पाणी तपासा, मग दिव्याला हात लावा.

नवखा_मासेवाला
मी गोंधळलोय. माझ्याकडे महिनाभरापूर्वी आणलेला पांढरा ॲनिमोन आहे. दुकानात दुर्मिळ पांढरी जात म्हणून जास्त पैसे घेतले. दिवे वाढवू का?

खारेपाणी
अजिबात नको! अशी पांढरी जात नसते, तो ब्लीच झालेला आहे. जर्द पिवळे, जांभळे विकतात त्यांत रंगवलेलेही असतात. शेवाळ नसताना तीव्र उजेड सोसत नाही. दिवे मंद ठेवा, आठवड्यातून दोनदा नखाएवढा कोळंबीचा तुकडा द्या, तापमान 26 च्या पुढे जाऊ देऊ नका.

निळाई
या बाबतीत दादांशी शंभर टक्के सहमत. आणि आज रात्री सगळे दिवे बंद करून मोबाईलच्या टॉर्चने देठ आणि तोंडाभोवतीचा भाग बघा. दुकानातही हेच करता येतं, दुकानदाराचे दिवे बदलायला सांगावं लागत नाही.

खारेपाणी
टॉर्च म्हणजे पांढरा दिवाच की, ताई. मी तेच तर म्हणत होतो.

निळाई
तपासायला पांढरा, हो. राहायला निळा. यावर मी ठाम आहे.

नवखा_मासेवाला
टॉर्चने पाहिलं. देठ पांढराच आहे. पण तोंडाजवळच्या शुंडकांच्या बुडाशी चहासारखी फिकट तपकिरी छटा दिसते. आणल्या दिवशीच्या फोटोत ती नाही.

वर्गातल्या_बाई
शेवाळ परत येतंय. भरवत राहा, दर आठवड्याला त्याच टॉर्चने, त्याच अंतरावरून फोटो काढा. दिव्यांना दोन महिने हात लावू नका.